टेकपिंपरीचे एकमेव अधिकृत मद्यपी

टेकपिंपरी येथील सेवानिवृत्त दूध-तपासनीस श्री. दत्तोबा चांदगुडे यांनी अठरा मे रोजी सायंकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी दारू कायमची सोडली. मात्र या घटनेची कोणत्याही दप्तरात नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते आपल्याकडे घडलेलं नसतं. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजून वाचकांनी पुढे यावं.

तर, दत्तोबा पितात. त्यांच्याकडे तसा कागद आहे.

बारामतीच्या एमआयडीसीत, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत, दत्तोबांनी एकतीस वर्षं दुधातली फॅट मोजली. तिन्ही पाळ्यांत मोजली. त्यामुळे मोजल्याशिवाय कुठल्याही पातळ पदार्थावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव झाला होता. निवृत्तीनंतर इंदापूरला दिलेल्या लेकीनं, मोनालीनं, त्यांना मोबाइल घेऊन दिला. त्यात गळ्याला बो बांधलेला एक माणूस चार बाटल्यांतलं एकत्र करून, हलवून, वर पुदिन्याचं पान ठेवताना दिसला. त्याला कॉकटेल म्हणतात असं कळलं. दत्तोबांना कल्पना आवडली, पण त्या माणसाचं माप ढिसाळ वाटलं.

त्यांनी स्वतःचं प्रमाण बसवलं. कैरीचं पन्हं शंभर मिली, सैंधव एक चिमूट, बर्फाचे खडे दोन, आणि रम तीस मिली. रम पिपेटनं घ्यायची, डोळा रेघेच्या समोर आणून. उन्हाळ्यात रोज एक ग्लास, संध्याकाळी साडेसहाला, ओट्यावर. शेजारी बनाबाई, त्यांच्या पत्नी, बिनरमेचं पन्हं घेऊन बसायच्या. पुदिना त्याच चुरडायच्या.

खरं तर तीस मिली हे निमित्त होतं. एकतीस वर्षं पाळ्या केल्यामुळे बनाबाई जाग्या असताना दत्तोबा एकतर झोपलेले असत किंवा डेअरीत असत. नवराबायकोची भेट म्हणावी अशी ती आत्ता होत होती, रोज अर्धा तास. बनाबाई संसाराची हकिगत सालवार सांगत होत्या. चौऱ्याण्णव साली मोनालीला कांजिण्या आल्या होत्या, हे दत्तोबांना या ओट्यावर पहिल्यांदा समजलं. त्यांनी काळजीनं विचारलं, "मग बरी झाली का?"

परवान्याचं असं झालं. पहिली बाटली आणायला दत्तोबा बारामतीच्या एका दुकानात गेले, तेव्हा भिंतीवर पाटी होती: मद्य खरेदी करण्यासाठी परवाना आवश्यक. दत्तोबांनी ती वाचली. दुकानाच्या इतिहासात ती पाटी वाचणारं ते पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी परवाना कुठं मिळतो असं विचारल्यावर दुकानदार गोंधळला, त्यानं वडिलांना फोन लावला, वडिलांनी त्यांच्या वडिलांना विचारलं. दत्तोबा तालुक्याच्या कार्यालयात रांगेत उभे राहिले, फोटो दिला, सही केली आणि आजीवन परवाना घेऊन आले. आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगण्यास व पिण्यास परवानगी. तो त्यांनी लॅमिनेट करून पेन्शनच्या फाइलीत ठेवला.

बाकी टेकपिंपरीत कुणी पीत नव्हतं. फाट्यावर जोतीरामची रसवंती होती, तिथं गाव बसायचं. मेच्या मध्यावर ऊस कधीच संपला होता, चरकावर कोळ्यानं जाळं केलं होतं, तरी रसवंती दिवसभर भरलेली. साधा रस, आलं घातलेला रस आणि समजून दिलेला रस असे तीन प्रकार. त्यातला तिसराच उरला होता, आणि तो स्टीलच्या पेल्यात मिळायचा. एखादा वाटसरू चुकून खरा रस मागायचा. जोतीराम "संपला" म्हणायचा, आणि बाकीचे त्या वाटसरूकडे कीव करून बघायचे. कॉकटेल इथंही होतं. बाटलीत जे उरलंय त्यात दुसऱ्याच्या बाटलीत जे उरलंय ते ओतलं की झालं.

अशात व्यसनमुक्त गाव स्पर्धेचा अर्ज आला. पहिलं बक्षीस गार पाण्याचं एटीएम. पारा बेचाळीसवर होता, टँकर दिवसाआड येत होता आणि त्याचं पाणी चहाला लगेच वापरता येईल इतकं तापलेलं असायचं. सरपंच रणजित यांनी रसवंतीवर तातडीची बैठक घेतली. गार पाणी असलं म्हणजे मिसळायला बरं पडतं, या मुद्द्यावर गाव पहिल्यांदाच एकमुखानं बोललं. स्पर्धेत उतरायचं ठरलं.

अर्ज भरायला ग्रामसेविका करुणा मॅडम. नोकरीला दोन वर्षं झालेली, नियमाप्रमाणे वागण्याची सवय अजून सुटली नव्हती. रकाना क्रमांक चार: गावातील मद्यपींची संख्या, अधिकृत पुराव्यासह. मॅडमनी तालुक्याच्या कार्यालयाला पत्र लिहून माहिती मागवली. उत्तर आलं. लोकसंख्या दोन हजार एकशे चाळीस. परवानाधारक मद्यपी: एक.

दुसऱ्याच दिवशी सरपंच आठ-दहा जणांना घेऊन दत्तोबांच्या ओट्यावर आले. वारा त्यांच्याकडून ओट्याकडे येत होता.

"तात्या, गावासाठी एवढं करा," रणजित म्हणाला. "सोडा."

"मी तीस मिली घेतो," दत्तोबा म्हणाले. "तू काल जोतीरामकडं किती घेतली?"

"मी रस घेतला."

"रसाचा इतका वास?"

"आलं घातलं हुतं."

दत्तोबांनी विचार केला. ते प्रयोगशाळेतले, त्यांना प्रमाण दिसत होतं. म्हणाले, तुमी समद्यांनी परवाने काढा, म्हंजी गावात मी एकटाच उरत न्हाय. त्यावर जो तो अशा घाईनं चपला शोधू लागला की आत बनाबाईंना वाटलं, मंडळी निघाली.

"तात्या," शेवटी रणजित दुखावल्या आवाजात म्हणाला, "आमच्या घराण्यात आजवर कागदावर कुणी पिलेलं न्हाय."

दत्तोबा वाईट माणूस नव्हते. गार पाणी बायकांनाही मिळेल, पोरांनाही मिळेल, असं त्यांच्या मनात आलं. अठरा मेला साडेसहाला त्यांनी ग्लास भरला, पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं आणि तो जास्वंदीला घातला. पिपेट धुऊन, पुसून, कापसात गुंडाळून ठेवली. मग दोघंही साधं पन्हं घेऊन बसले. बनाबाईंची हकिगत नव्व्याण्णव सालापर्यंत आली. अर्धा तास होता तसाच राहिला, तेव्हा दत्तोबांना वाटलं, आपलं काही गेलं नाही.

अडचण पुढे आली. करुणा मॅडमनी स्पर्धेची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. शंभरपैकी वीस गुण पुनर्वसनाला होते, आणि त्यासाठी गावात किमान एक मद्यपी देखरेखीखाली असणं बंधनकारक होतं. ज्या गावात मद्यपीच नाही, त्या गावाला पुनर्वसनात शून्य.

"म्हंजी तात्यांनी सोडायची न्हाय?" रणजितनं विचारलं.

"सोडत राहायचं," मॅडम पुस्तिकेत बघत म्हणाल्या. "सोडून टाकायचं नाही."

लगोलग ठराव झाला. मद्यपी निगराणी व पुनर्वसन समिती स्थापन झाली. सात सदस्य, सगळे विषयाचा दांडगा अनुभव असलेले. अध्यक्ष सरपंच, शिवाय आठवा निमंत्रित सदस्य जोतीराम. बैठक रोज साडेसहाला, दत्तोबांच्या ओट्यावर. सुट्टी असूनही शाळेच्या मुलांची जनजागृती फेरी निघाली. "दत्तोबा आजोबा, दारू सोडा" असं ओरडत ती रसवंतीवरून गेली, तेव्हा मुलांच्या वडिलांनी पेले हातात धरून उभं राहून वाट करून दिली.

पहिल्याच बैठकीत कपाटात अर्धी बाटली सापडली. हा साठा नष्ट करणं आवश्यक होतं. मात्र टँकरच्या दिवसांत कोणताही पातळ पदार्थ जमिनीवर ओतणं उचित नाही, असं समितीचं मत पडलं. साठा अंतर्गत पद्धतीनं नष्ट करण्यात आला. बनाबाईंकडून पन्हं आणि पुदिना मागवण्यात आला. पंचनाम्यावर सात सह्या झाल्या. पहिली ओळीवर होती, सातवी कागदाखाली सतरंजीवर होती.

दुसऱ्या दिवशी नष्ट करायला काही उरलं नव्हतं. पण इतिवृत्तात प्रगती दाखवणं भाग होतं. समितीनं वर्गणी काढली आणि दत्तोबांना बारामतीला जाऊन नवा साठा आणण्याची विनंती केली. दत्तोबा म्हणाले, तुमीच आणा की. रणजितनं कानाला हात लावला.

"परवाना तुमच्याकडं हाय, तात्या. बेकायदा काम आमच्याकडनं हुणार न्हाय."

अशा रीतीनं, दारू सोडलेले दत्तोबा दर दोन दिवसांनी स्कूटरवरून दारू आणू लागले. ते वाटायचे मात्र पिपेटनं, प्रत्येकी तीस मिली, डोळा रेघेसमोर. सदस्य कुरकुरले, मग प्रत्येक जण पाच-पाच वेळा नष्ट करू लागला. तपासणी पथक आलं. त्यांनी नमुना तपासला, खात्रीसाठी पुन्हा तपासला आणि निघताना दत्तोबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, धीर धरा, माणूस यातून बाहेर पडतो. पथकप्रमुखांना गाडीपर्यंत दत्तोबांनीच धरून नेलं.

टेकपिंपरीचा पहिला क्रमांक आला. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाचा दुसरा. त्यांच्याकडे एकही परवानाधारक नव्हता, वीस गुण तिथं गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या गावचे उपसरपंच नारळ घेऊन दत्तोबांकडे आले. पुढच्या वर्षापुरते आमच्याकडं राहायला या, म्हणाले, खोली देतो, बाकी सोय गाव बघंल. रणजितनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. गावचा मद्यपी बाहेर द्यायचा नाही, असा ठराव त्याच संध्याकाळी झाला आणि समितीची मुदत पाच वर्षांनी वाढली. गार पाणी आता जारमधून थेट ओट्यावर येत होतं. रसवंतीला कुलूप लागलं. जोतीराम निमंत्रिताचा कायम सदस्य झाला.

बनाबाई स्वयंपाकघरात आठ माणसांचा पुदिना चुरडत होत्या. एकदा दत्तोबा रिकामा जग घेऊन आत आले, तेव्हा त्या वर न बघता म्हणाल्या, "अवो, दारू तुमी सोडली, अन् बसणं माझं सुटलं. आपण नव्व्याण्णवपातूरच आलोय. अजून पंचवीस वर्सं राह्यलीत सांगायची. कवा सांगू?"

दत्तोबा जग तिथंच ठेवून उभे राहिले. मद्यपी असेपर्यंत समिती राहणार, आणि परवाना असेपर्यंत मद्यपी राहणार. दुसऱ्या दिवशी ते परवाना घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले.

परवाना रद्द करायला आलेला माणूस तिथल्या बाबूनं नोकरीच्या बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं खुर्ची दिली.

"सोडलीय म्हणता, तर वापरू नका की कार्ड."

"पण मी कागदावर पितो," दत्तोबा म्हणाले.

"कागदावर पिऊन कुणाचं लिव्हर खराब झालंय का बाबा?"

तरी त्यानं संगणक उघडला. परवाना बंद करण्याची तीन कारणं त्यात होती: हरवला, फाटला, धारक मयत. "ह्यातलं तुमी काय?" त्यानं विचारलं. दत्तोबांनी तिन्ही पुन्हा वाचली. शिवाय परवाना आरोग्य राखण्यासाठी दिलेला असल्यानं, न प्यायल्यास प्रकृतीला धोका नाही असा डॉक्टरचा दाखला लागणार होता. डॉक्टरनं तपासलं आणि लिहून दिलं की प्रकृती ठणठणीत, परवाना चालू ठेवण्यास हरकत नाही.

शेवटी बाबूला दया आली. खास बाब म्हणून एक साधा अर्ज करता येईल, तो म्हणाला. अट एकच. हा इसम पीत नाही, हे पिणाऱ्यांनाच कळतं. म्हणून बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या दोन परवानाधारक मद्यपींच्या सह्या हव्यात.

दत्तोबा तीन आठवडे फिरले. सुप्याच्या आठवडे बाजारात फिरले, एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहिले, मोनालीच्या चुलतदिराच्या लग्नात इंदापूरला मांडवामागच्या गाड्यांच्या डिकीपाशी जाऊन त्यांनी नम्रपणे चौकशी केली. तिथं चौदा जण होते, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा ग्लास. सगळ्यांनी एकाच सुरात सांगितलं की आमी घेत न्हाय, आणि तुमीबी ह्या वयात सोडून द्या. एकानं तर शपथ घेण्यासाठी ग्लास दुसऱ्याला धरायला दिला.

घरी येऊन दत्तोबांनी अर्ज लिहिला. ओट्यावर नष्टीकरण जोरात चालू होतं, म्हणून ते आत, बनाबाईंच्या शेजारी, पाटावर कागद ठेवून बसले.

प्रति, मा. सक्षम अधिकारी यांसी. विषय: निर्व्यसनी समजण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवितो की मी अर्जदार अठरा मेपासून दारू पीत नाही. परंतु मजकडे परवाना असल्याने मी मद्यपी आहे, व माझ्या ओट्यावर रोज पिणाऱ्या आठ इसमांकडे परवाना नसल्याने ते निर्व्यसनी आहेत. तरी मलाही गावातील इतर पिणाऱ्यांप्रमाणे निर्व्यसनी समजण्यात यावे. अर्जास दोन परवानाधारकांच्या सह्या आवश्यक असून त्या दोन तालुक्यांत आढळून आल्या नाहीत. सबब, तालुक्याची अट शिथिल समजून, हा अर्ज ज्यांच्या वाचनात येईल आणि ज्यांच्या घरी कपाटात मागच्या बाजूला फक्त पाहुण्यांसाठी म्हणून एक बाटली ठेवलेली आहे, अशा कोणत्याही दोन सज्जनांनी खालील रिकाम्या जागी आपले संपूर्ण नाव, पत्ता व परवाना क्रमांक लिहून स्वाक्षरी करावी, ही नम्र विनंती.

१. ..............................

२. ..............................