चिखलातला लो-अँगल

अमृत सरांनी तिसऱ्यांदा मोजलं, तरी मुलं अकराच भरली. कामशेतच्या त्या महाविद्यालयात ते तासिका तत्त्वावर 'चित्रभाषा' हा नवा विषय शिकवत होते. तो पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे प्राचार्य बाई आज त्यांचं व्याख्यान ऐकून ठरवणार होत्या. विषय गेला की सरही घरी. म्हणून पंधरा दिवस खपून त्यांनी एका रॉक बँडच्या म्युझिक व्हिडिओचं शॉट-शॉट सोलून विश्लेषण तयार केलं होतं, आणि इथे सभागृह ओस पडलेलं.

"हनुमंत, काहीही कर, पण चाळीस डोकी दिसली पाहिजेत!" ते शिपायावर खेकसले.

हनुमंत आज्ञाधारक माणूस. बाजार करून स्टेशनाबाहेर जीपची वाट बघत बसलेल्या एकोणतीस बायकांना तो चहाचं आणि पंख्याचं आमिष दाखवून घेऊन आला. पिशव्यांसकट त्या पुढच्या रांगांत बसल्या. सरांचा जीव भांड्यात पडला. बायका कुठल्या गावच्या, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

पडदा उजळला. भाताची खाचरं, पाऊस आणि गुडघाभर चिखलात गिटार बडवणारी चार केसाळ पोरं.

"अगं बया, ही तर आपली खाचरं!" पहिल्या रांगेतून आवाज आला. वडिवळ्याच्या सरुबाई उठून उभ्याच राहिल्या.

सरांनी तिकडे काणाडोळा केला. "बघा, कॅमेरा जमिनीलगत आहे. याला लो-अँगल म्हणतात. कलावंतापुढे माणूस किती खुजा आहे, हे दिग्दर्शक सुचवतोय."

"न्हाई वो सर," सरुबाई म्हणाल्या. "त्यो क्यामेरावाला मांडीपत्तूर रुतला व्हता. मंग बुटका न्हाई तर काय दिसंल?"

मुलं हसली. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बरं. आता सलग चार मिनिटं एकही कट नाही, हे लक्षात घ्या. काळाचा अखंड प्रवाह!"

"त्याला वडून काडंपत्तूर चार मिन्टं लागली. क्यामेरा बंद कराया हात कुटं मोकळा व्हता?"

"मावशी, शेवटी प्रश्न विचारा ना!"

"म्या कुटं इचारतीय? म्या तर सांगतीय."

सरांनी प्राचार्य बाईंकडे चोरून पाहिलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या, आणि ते हसू कुणाच्या बाजूचं, हे काही कळेना. सरांनी घाईघाईने हुकमी शॉट काढला. मुख्य गिटारवादक गाणंभर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता. सरांनी त्यावर अडीच पानं लिहिली होती.

"हा समाजाला नाकारणारा तरुण आहे. त्याची पाठ म्हणजे त्याचा निषेध."

"म्हशीकडं त्वांड करून हुबा हाय त्यो," सरुबाईंनी खुलासा केला. "आमची म्हस मारकी हाय. तिच्याकडं पाठ करायची त्याची टाप न्हवती."

सभागृहात एकच हशा उसळला. नेमका त्याच वेळी पडदा तीन सेकंद काळा झाला. सर जवळजवळ ओरडलेच, "हे पोकळीचं प्रतीक आहे! यावर कुणीही बोलायचं नाही!"

"म्या क्यामेऱ्यावर इरलं घातलं व्हतं," सरुबाई हळूच म्हणाल्या. "म्हागाची वस्तू, भिजंल म्हनून."

सरांनी हातातले कागद टेबलावर आपटले. पंधरा दिवसांची मेहनत एक बाई पिशवी मांडीवर घेऊन धुळीला मिळवत होती. "मावशी, दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला काय माहीत?"

"मंग त्यालाच इचारू की. लय गुणाचं पोरगं. दरसाली तांदूळ न्यायला येतंय." आणि सर 'नको, नको' म्हणेपर्यंत सरुबाईंनी फोन लावून तो माईकजवळ धरलासुद्धा. "विकास, बाळा, हितं एक सर तुजं गाणं उलगडून सांगत्यात. आईक जरा."

आता माघार घेणं शक्य नव्हतं. खुजा माणूस, अखंड काळ, निषेधाची पाठ, पोकळी, सगळं सरांनी एका दमात सांगून टाकलं.

"सर," विकास पलीकडून म्हणाला, "हे लिहून पाठवाल का? एका महोत्सवाचा फॉर्म भरायचाय. 'दृश्यशैलीमागची भूमिका' एवढी एकच चौकट राहिलीय. आठवडाभर बसलोय, चिखलाशिवाय काही सुचत नाही."

"पण तुम्ही हे मुद्दाम केलं होतं ना?" प्राचार्य बाईंनी जागेवरूनच विचारलं.

"तेव्हा नाही, मॅडम. आता मात्र मुद्दाम केलंय असंच म्हणणार."

प्राचार्य बाईंनी टाळ्या वाजवल्या. महोत्सवापर्यंत पोचलेला विषय बंद कसा करणार? पुढच्या वर्षीही 'चित्रभाषा' चालू राहील, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. बायकांनीही टाळ्या वाजवल्या आणि चहा कधी येणार म्हणून हनुमंताला विचारलं. सर मटकन खुर्चीत बसले. नोकरी वाचली होती, पण आनंद करावा की डोकं धरावं, हेच त्यांना समजेना.

तेवढ्यात तिसऱ्या वर्षाच्या पिंकीने हात वर केला. तिच्या वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडलेले होते. "सर, परीक्षेत कुठलं उत्तर लिहायचं? तुमचं का मावशींचं?"

सरांनी एकदा प्राचार्य बाईंकडे पाहिलं, एकदा सरुबाईंकडे, आणि एक लांब उसासा टाकला.

"माझं लिही," ते म्हणाले. "मावशींचं खरं आहे, पण त्याला मार्क नाहीत."