सत्तारचाचांची माती

निरोप लिहावा तर मी! तीन ओळींचा मजकूर एका ओळीत बसवते आणि समोरच्याला शंका उरू देत नाही. ठाण्याहून लग्न होऊन नांदगाव खंडेश्वरला आले, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी काढली, तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर माझेच निरोप चालतात.

पण चौकात टॅबवाली नर्सरी निघाली आणि माझी मुलं एकेक करून तिकडे सरकू लागली. सासूबाईंनी बजावलं, "पोट्टे आले नाई त दोन्ही खोल्या भाड्यानं देतो मी!" म्हणून मी बेत आखला, मुलांना चिखलात खेळवायचं! पोरं मनसोक्त लोळतील, घरी जाऊन सांगतील आणि त्या टॅबला कोणी विचारणार नाही.

अब्दुल सत्तारचाचा गावाबाहेर मळ्यात राहतात, वांगी-मेथी विकतात. ते म्हणाले, "आनतो न मॅडम, बिनखड्याची काळी माती!" मी लगेच गटावर टाकलं, "उद्या सकाळी दहाला सत्तारचाचांची माती. सर्वांनी बालवाडीत जमावे." मुलांना आणा, हे बालवाडीच्या गटावर वेगळं कशाला लिहायचं?

धडाधड जोडलेले हात आले. केवढा उत्साह! तहरीमच्या आईनं, उज्मानं विचारलं, "या अल्ला! कशानं?" मी लिहिलं, "ट्रॅक्टरनं." त्यावर रडकी तोंडं आली. कपडे मळतील म्हणून असेल.

सकाळी दहाला अंगण गच्च भरलं! पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, बायकांच्या डोक्यावर पदर. आणि मूल एकही नाही.

"मुलं कुठायत?" मी ओरडलेच.

रोहितचे आजोबा नत्थुजी दचकले. "मातीले कोनी लेकरं आनते काय, मॅडम?"

"अहो, मातीत मुलंच तर हवीत!"

पुढच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

तेवढ्यात ऑटोतून चाचांच्या बायको, हलीमाबी, रडत उतरल्या. अकोल्याला लेकीकडे होत्या, निरोप कळताच निघाल्या होत्या. आणि त्यांच्या मागोमाग ट्रॅक्टर आला. वर चाचा, पान चघळत!

हलीमाबींचं रडणं थांबलं आणि चप्पल हातात आली. "जित्ते हा, त फोन काहून नाई लागत?"

"मळ्यात लाइट नोती न! चार्जिंग कुठून करू?" गर्दी बघून चाचा खूश झाले. "कायचा कार्यक्रम हाय?"

"तुमची माती!" नत्थुजी म्हणाले.

"हाव, आनली न!"

मग सगळ्यांनी मिळून मला समजावलं. इकडे माती म्हणजे अंत्यविधी! ठाण्यात आमच्याकडे माती म्हणजे नुसती माती. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. धरणी ट्रॉलीभर समोर होतीच.

संध्याकाळी मी शहाणपणानं शब्दच बदलला. "उद्या बालवाडीच्या अंगणात भरपूर चिखल. मुलांच्या कपड्यांचा विचार करावा."

सकाळी पाइप लावून चिखल तयार केला. काय मऊ झाला होता! पण एकही पोर फिरकलं नाही. सासूबाई कुणा भाडेकरूला खोल्या दाखवत होत्या. शेवटी उज्माचा फोन आला.

"बरं झालं मॅडम, तुमी आधीच सांगतलं. आमी सर्व्यांनी लेकरं घरीच ठेवले. चिखल वाळला की सांगजा!"