सेतुरावांची कोरडी नदी

सेतुरावांच्या अंगणातल्या नदीत पाण्याचा थेंब नाही, पण ती कुणी ओलांडलेली त्यांना खपत नाही. असेल दोन हात रुंद, नुसता गोट्यांचा पट्टा. तरी पोस्टमनलासुद्धा मागे फिरवून, पूल म्हणून आडव्या टाकलेल्या शिळेवरून यायला लावतात. "पूल कशास ठेवला आहे?"

हे माझे मेलकावेरीतले शेजारी. आम्ही दोघंही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्यात नोकरी करून माझं मराठी सुधारलं असं मला वाटतं, बिघडलं असं त्यांना.

सेतुरावांचा जन्म गेला कालव्याच्या दारांवर, पाणी सोडण्यात आणि अडवण्यात. आता निवृत्त झाले, तरी गवंड्यांची ती पाण्याची पारदर्शक नळी पिशवीत असतेच. कुठेही गेले की "लेवल बघूं?" नाचियारकोविलच्या एका लग्नात पानावरचं रसम ओघळून माझ्या नव्या साडीवर आलं. या गृहस्थांनी साडीकडे पाहिलंही नाही, टेबलाला नळी लावली. "अक्का, टेबल एक बोट उतरलें आहे."

हसू नका, माझा जीव टांगणीला लागला होता. दर पावसाळ्यात यांच्या अंगणातलं पाणी भिंतीखालून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचं. मागच्या वर्षी तांदळाचा डबा तरंगत देवघरापर्यंत गेला. मी कडाकडा भांडले. तेव्हा उन्हाळ्यात यांनी कुदळ घेतली. "पाण्यास वाट करून देतों." उथळ चर खणला, काठाला धोंडे, मधे गोटे, कडेने वाळा आणि गवती चहा, शेवटी परसातल्या खड्ड्यात कर्दळी. इथवर ठीक. पण वाट सरळ मागे न नेता त्यांनी ती मधेच स्वतःच्या ओसरीच्या पायरीपाशी वळवली.

"अहो, तिथे पाणी तुंबेल आणि माझ्याकडेच येईल! हे वळण कशाला?"

"नदी आहे अक्का, गटार नव्हे."

"हौस तुमची आणि चिखल माझ्या घरात!" मी फणफणत परत आले. त्यांची बायको रुक्माबाई ओसरीवरच्या खुर्चीतून बघत होती. गुडघे गेल्यापासून ती तिथेच असते.

इकडचा खरा पावसाळा दिवाळीच्या तोंडावरचा; यंदा पाऊस आला तो कोसळतच राहिला. मी सिलेंडर विटांवर चढवला, डबे ओट्यावर ठेवले आणि खराटा घेऊन उभी राहिले. तास गेला, दोन गेले. फरशी कोरडी ठणठणीत! हुश्श! खरं सांगते, मी तिथेच फतकल मारून बसले आणि एकटीच हसत सुटले.

पाऊस ओसरल्यावर छत्री घेऊन आभार मानायला गेले. नदी वाहत होती, घोटाभर, गढूळ, वळणावर थेंबही न सांडता. आणि पायरीवर रुक्माबाई पाण्यात पाय सोडून बसली होती. पायांना हळद, गळ्यात नवा पिवळा दोरा, मांडीवर लिंबूभाताचं ताट. म्हणजे आडिपेरुक्कु! आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी इथल्या बायका चढलेल्या कावेरीच्या घाटावर जातात, हळदकुंकू वाहतात, दोरा बांधतात, तऱ्हेतऱ्हेचे भात खातात. पण तो सण होऊन तीन महिने उलटले होते.

"आज कुठलं आडी, सेतुराव?"

सेतुराव तिच्या मागे छत्री धरून उभे होते, स्वतः चिंब भिजत. "त्या दिवशी मी नेहमी दारांवर असें. साऱ्या गावच्या बायकांस पाणी सोडलें, हीस एकदाही घाटावर नेलें नाही. आता नेऊं म्हटलें तर हीस पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणून वळण ठेवलें."

एवढी भांडले होते मी त्या वळणावरून, लाज वाटली.

"उभी काय राहिलीस? ये की, भात घे," रुक्माबाई म्हणाली.

मी चपला काढल्या, पुलाकडे न वळता सरळ पाण्यातूनच गेले आणि तिच्या शेजारी बसले. सेतुरावांनी मला मागे फिरवलं नाही. ते तिच्या पायांकडे बघत होते.