ज्याचो हात, त्याचो वाटो

इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या इमारतीत तांदळाची पोती आपापली वर येतात. मी नवा राहायला आलो त्या आठवड्यात जिना उतरत होतो, तर बासमतीचं एक पोतं गालिच्याच्या तुकड्यावर बसून एकटंच पायऱ्या चढत माझ्याकडे येत होतं. मी भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. वरच्या कठड्याला कप्पी बांधून एक ठेंगणा, मिशाळ गृहस्थ दोर ओढत उभा होता. लिफ्ट शेजारीच होती आणि व्यवस्थित चालू होती.

"बघतंस काय घाट्या, हात लाव," तो म्हणाला. मी तोंडही उघडलं नव्हतं. मी घाटावरचा आहे हे त्याला कसं कळलं, देव जाणे. शिष्टाचार म्हणून मी दोराला दोन बोटं लावली. संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर तोच गृहस्थ, हातात बांगड्याच्या तिखल्याची ताटली. मी नको नको म्हणतोय तोवर ताटली आत आणि तो बाहेर. जाताना म्हणाला, "हात लागलो मा? ज्याचो हात, त्याचो वाटो."

हा बाबल तांडेल. देवगडजवळच्या एका वाडीतला. शुऐबाच्या एका कारखान्यात तो रिगर आहे, म्हणजे क्रेनला अवजड माल बांधून द्यायचा. दिवसभर टनांनी माल उचलवणारा हा माणूस घरी आला की एक बादलीही उचलत नाही. फ्रिज, गॅसचं सिलिंडर, कपाट, सगळं दोर बांधून ओढतो. "उचलूचां नाय, ओढूचां" हे त्याचं एक तत्त्व. दुसरं, कुठलंही काम निघालं की "तां माझ्यार सोड." आणि ते काम फसलं की तिसरं, "माका ठावक होतां." या तीन वाक्यांवर त्याचं आयुष्य निर्वेध चाललं होतं. त्याच्याइतका आत्मविश्वास मला एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाकडेही दिसलेला नाही.

एकदा तो चक्क खाली मान घालून माझ्या खोलीत आला. गावी त्याच्या वडिलांची, आबांची, मासेमारीची होडी आहे. पावसाळ्याआधी ती वाळूवरून वर माडांपर्यंत ओढून आणावी लागते. पूर्वी एक हाळी दिली की सारी वाडी धावायची. होडी वर आली की हात लावणाऱ्या प्रत्येकासाठी गूळखोबऱ्याचं पान मांडलं जायचं. आता हाळी ऐकायला वाडीत म्हातारेच उरलेत. बाकीचे गोव्यात, मुंबईत, नाहीतर बाबलदासारखे इकडे आखातात. मागच्या वर्षी माणसं जमेपर्यंत होडी लाटांचा मार खात राहिली आणि तिच्या फळ्या सुटल्या. आबांनी फोनवर सांगून टाकलं होतं की औंदा ती विकतो.

"होडी गेली तर बापूस म्हातारो होतलो," बाबलदा म्हणाला. आबांनी पंचाहत्तरी कधीच ओलांडली होती, पण मी हसलो नाही.

उपाय त्याने अर्थातच आधीच ठरवला होता. इथले लोक वाळवंटात रुतलेल्या जीप काढायला पुढे विंच बसवतात, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं विजेवरचं यंत्र. तशी एक त्याने भंगारातून मिळवली. किनाऱ्यावर वीज नाही, पण चुलतभावाने कलमांच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला होता. तो वाळूत होडी ओढायला गेला तर स्वतःच चाकांनी खड्डा करून बसतो, म्हणून त्याने नुसती वीज पुरवायची आणि ओढायचं काम विंचेने करायचं. तालीम वफ्रातल्या एका शेतावर. तिथेही तसाच गवत कापायचा ट्रॅक्टर होता. मी वायरिंगचा सुपरवायझर, म्हणून माझीही नेमणूक झाली. मला विचारलं गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "बाबलदा, या ट्रॅक्टरची बॅटरी जेवणाच्या डब्याएवढी आहे. तुझी विंच एका घासात ती संपवेल." "तां माझ्यार सोड," तो म्हणाला. विंच ट्रॅक्टरवर बसवली आणि होडी म्हणून आम्ही पाण्याची एक गंजकी लोखंडी टाकी निवडली. बटण दाबलं. विंच एकदा कण्हली आणि ट्रॅक्टर बंद पडला.

"माका ठावक होतां," बाबलदा म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मी ट्रकची मोठी बॅटरी आणि अंगठ्याएवढी जाड वायर घेऊन गेलो. ट्रॅक्टरची वीज म्हणजे शेतातलं ठिबक. त्यावर ही मोठी बॅटरी भरायची, तर थेंबाथेंबाने भरू द्यायची, हे मी त्याला समजावलं. त्याने फार ऐकून घेतलं नाही. बटण दाबलं, विंच झोकात फिरली, दोर ताणला गेला आणि ट्रॅक्टर टाकीच्या दिशेने निघाला. टाकी जागची हलली नाही. शेतावरचा बांगलादेशी कामगार रफीक ट्रॅक्टरवर बसला होता. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, तरी वरात पुढे चालूच. इजिप्तचा म्हातारा रखवालदार अबू सामी खजुराखाली बसून इतका हसला, की त्याचा चहा सांडला.

ज्याची हयात जड माल बांधण्यात गेली, तो ट्रॅक्टरला मागून बांधायला विसरला होता. या वेळी "माका ठावक होतां" आलं नाही. तो बराच वेळ चाकांचे फरपटलेले ठसे बघत राहिला. मग म्हणाला, "मानसां ओढतत तेव्हा पाय रोवतत रे. ह्या मेल्याक पाय खंय?"

तिसऱ्या खेपेला त्याने ट्रॅक्टर खजुराच्या बुंध्याला अशा गाठी मारून बांधला की सुटतो तर खजूरच सुटला असता. थोडं ओढायचं, मग थांबून बॅटरी भरू द्यायची, ही माझी अट आता त्याला एकदम पटली. "मानसांपण मधी दम खातत," म्हणाला. टाकी हलली. पुढचं मात्र कोणी ठरवलं नव्हतं. बाबलदाने सवयीने कोळ्यांची हाळी दिली. अबू सामीचं गावही समुद्राकाठचं. तो उठला आणि "हेला, हेला" ओरडत टाकीला खांदा लावून उभा राहिला. मग रफीक, मग मी. विंचेला आमची काडीइतकीही गरज नव्हती. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडत ती टाकी ढकलली.

विंच कार्गोने गेली, मागोमाग बाबलदा रजेवर. वफ्रातून आम्ही तिघांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. ट्रॅक्टर माडाला बांधलेला, होडी संथपणे वाळू चढत होती आणि आबा तिच्या कडेवर तळवा ठेवून बरोबरीने चालत होते, जणू तेच तिला आणत होते. कोणी ओरडत नव्हतं. होडी माडांत पोचली आणि आम्ही इकडे टाळ्या पिटल्या. मी वाट पाहत होतो की बाबलदा आता छाती काढून काहीतरी बोलेल. त्याने फोन बंद केला.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी तो आम्हाला वफ्राला घेऊन गेला. आबांनी होडी विकायचं नाव टाकलं होतं. खजुराखाली बसून त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या सात वेढ्यांतली पुडकी काढली. खारवलेली सुरमई. अबू सामीने डोळे मिटून वास घेतला. रफीकचे तर डोळेच भरून आले. त्याच्याकडेही सुकी मासळी म्हणजे घर. नाक मुरडणारा मी एकटा घाटी.

"होडी वर इली," बाबलदा म्हणाला. "आबान नेहमीसारखी पानां मांडल्यान, गूळखोबऱ्याची. सगळ्या वाडीची. खावक आमी तिगा. मगे माका विचारल्यान, बाबल, हात कोणाकोणाचो लागलो? मिया तुमची नावां सांगलंय."

अबू सामीने मला खुणेने विचारलं, काय म्हणतोय. मी पुडक्याकडे बोट दाखवलं, मग त्याच्या तळव्याकडे. रजेवरून आलेला हा माणूस आम्हाला मासळी वाटत होता आणि मला त्याची वाडी दिसत होती, मांडलेली पानं आणि त्यांच्यासमोर कोणीच नाही.

आयुष्यात मी सुका मासा घरात येऊ दिला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन तव्यावर भाजला. खोलीभर वास सुटला, पडदे आठवडाभर दरवळत राहिले. पण काटासुद्धा टाकायच्या आधी चोखून घेतला. त्या होडीला माझा हात लागला होता.