सतरा नंबरचा डबा

वनस्पती तुपाचे चोवीस रिकामे डबे हातगाडीवर घालून तोताराम घरी आला, तेव्हा त्याची बायको पुष्पा जिन्याच्या तोंडाशी उभी राहून नुसती बघत राहिली. डबे सगळे एका मापाचे, एका रंगाचे, आणि झाकणं अशी घट्ट की चमच्याचा दांडा घातल्याशिवाय उघडायची नाहीत.

"दुकान टाकायचंय का?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघर लावायचंय," तोताराम म्हणाला. "शनिवारी आबा येताहेत."

तोताराम धुळ्याच्या एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचा. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद मागा, साहेबांचा चहा निवायच्या आत तो टेबलावर हजर. घरी मात्र दोन खोल्यांत त्याला स्वतःचा बनियन सापडत नसे. दुसऱ्या मजल्यावरचं हे बिऱ्हाड तसं नीटनेटकं होतं, पण ते पुष्पाच्या डोक्यात नीटनेटकं होतं. हळद चहाच्या डब्यात, चहा बोर्नव्हिट्याच्या बाटलीत आणि बोर्नव्हिटा नव्हताच. तिचा हात न बघता बरोबर जिथे जायचा तिथे जायचा.

आबा म्हणजे तोतारामचे वडील, अभिमन आबा. साक्रीकडच्या खेड्यात एकटेच राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, पण त्यानंतर तीन आठवडे तरी शहरातच राहायला हवं, रोज पट्टी बघावी लागेल. तिथेच गाडी अडली होती. आबा मुलाकडे राहायला तयार नव्हते. "आंधया मानूस म्हंजे वाटमा ठेयेल पोतं," ते म्हणायचे. "येता-जाता पायले लागस. मी कोन्हावर ओझं नही व्हनार." तोतारामने चार वेळा जाऊन विनवलं, चारही वेळा आबांनी त्याला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी देऊन परत पाठवलं. आता मोठ्या मुश्किलीने ते एका दिवसापुरते येत होते. सकाळच्या एस.टी.ने यायचं, दुपारी चारला डॉक्टरांना दाखवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

"एक दिवस आहे आपल्या हातात," तोताराम म्हणाला. "घर असं चोख चालताना दिसलं पाहिजे, की आबांना वाटावं, इथे आपलं काही ओझं होणार नाही. ही माणसं दहा पाहुणे सहज सांभाळतील."

"त्यांना दिसत कुठे काही?"

"जाणवेल," तोताराम म्हणाला.

डब्यांवर नावं लिहावीत, असं पुष्पाचं म्हणणं पडलं. तोताराम हसला. नाव लिहिलं की डबा त्या जिनसेला जन्माचा बांधला जातो. आकडा टाकला की माल बदलता येतो. कचेरीत असंच असतं. त्याने लाल रंगाने एक ते चोवीस आकडे टाकले आणि कुठल्या आकड्यात काय, याचा सुंदर अक्षरात एक तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारामागे टाचला. मग एकदा हात लागलाच आहे म्हणून घरातलं सगळंच डब्यांत गेलं. डाळी, पिठं, मसाले तर गेलेच, पण धुण्याचा सोडा, रांगोळी, शिकेकाई, खिळे आणि दिवाळीत उरलेल्या वातीसुद्धा. एकावर एक चार, असे सहा मनोरे ओट्याशेजारी उभे राहिले. तीन दिवसांच्या त्या धुळीने पुष्पाला अशी सर्दी झाली की फोडणी जळली तरी कळेना. तोतारामचं नाक तर वीस वर्षांच्या तपकिरीने केव्हाच निवृत्त झालं होतं.

शनिवारी आबा आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात हिरव्या वांग्यांचं बोचकं. थंडी कडक होती. आंघोळीला पाणी तापवायला पुष्पा उठली, तर आबा म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे माय. बंब मी पेटाडस. हातले सवय शे."

एवढं तरी त्यांना करू द्यावं, म्हणून दोघांनी करू दिलं. बंब पेटला, पाणी कढत झालं, आबा न्हाणीघरात गेले. पुष्पा स्वयंपाकाला वळली. आबांच्या आवडीचा बेत होता, डुबुकवडे. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा उकळायचा आणि त्यात बेसनाचे गोळे 'डुबुक' करून सोडायचे. बेसनाचा नंबर बघायला तिने दार पुढे ओढलं. दारामागे चार टाचण्या होत्या. तक्ता नव्हता.

"अहो, तुमचा कागद?"

तोताराम धावत आला. दोघांनी खाली बघितलं, ओट्यावर बघितलं, मग एकदमच दोघांची नजर बंबाकडे गेली. बंबाच्या तोंडाशी एक काळा पापुद्रा पडला होता. त्यावर अजून 'एकवीस' एवढं वाचता येत होतं.

"काही बोलू नकोस," तोताराम कुजबुजला. "आबांना कळलं, की पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून घरात घोटाळा झाला, तर चारच्या डॉक्टरचीही वाट बघणार नाहीत. पुढच्या गाडीने जातील."

"मग एकेक उघडून बघते."

पण डबा उघडणं हे गुपचूप करण्यासारखं काम नव्हतं. चमच्याचा दांडा घातला, की झाकण 'ठॉक' करून छताकडे उडायचं.

"काय फुटनं रे?" आंघोळ करून बाहेरच्या खाटेवर बसलेल्या आबांनी विचारलं.

"काही नही आबा, नारय फोडस," तोताराम म्हणाला. वडिलांशी बोलताना त्याची कचेरीतली भाषा आपोआप गळून पडायची.

ठॉक.

"दुसरा शे का?"

"हा आबा."

पाचव्या नारळाला आबा म्हणाले, "आज काय देवना कार्यक्रम शे?" तेव्हा दोघं थांबले. तोवर बेसन मिळालं होतं, मीठही मिळालं होतं. मीठ ओळखण्यासाठी तोतारामने आधी धुण्याचा सोडा आणि मग रांगोळी चाखली होती, आणि त्याची जीभ बाहेरच लोंबत होती. आता फक्त काळा मसाला हवा होता.

"अतरा," तोताराम जीभ आत ओढत म्हणाला. "सतरा! मला पक्कं आठवतंय. रेकॉर्ड कीपर आहे मी."

सतरा नंबरचा डबा तिसऱ्या मनोऱ्यात सगळ्यात खाली होता. पुष्पाने वरचे तीन धरले, तोतारामने खालचा ओढला. झाकण उघडून आत बघितलं तर काळपट तपकिरी पूड. पुष्पाने नाक खुपसून जोरात वास घेतला. काही आलं नाही. तोतारामने घेतला. त्यालाही काही आलं नाही.

"दिसतोय तर मसालाच," पुष्पा म्हणाली आणि तिने तीन चमचे सढळ हाताने उकळत्या वाटणात सोडले. पाणी घातलं, वडे सोडले, स्टोव्हला चार पंप जास्तीचे मारले.

रश्शाला उकळी आली. पण तर्री वर येण्याऐवजी फेस वर आला. आधी कडेकडेने, मग मधोमध, मग पातेल्याच्या काठावर पांढरा मुकुट चढला.

"ढवळ," तोताराम म्हणाला.

पुष्पाने ढवळलं. फेस दुप्पट झाला. वडे त्यात बुडून वर येत होते, जणू कुणी त्यांना साबण लावून आंघोळ घालत होतं. फेस उतू गेला, स्टोव्हवर आला, स्टोव्ह फुरफुरून विझला आणि रॉकेलचा धूर सुटला. धुरातून मागे सरताना तोतारामची पाठ तिसऱ्या मनोऱ्याला लागली. तो चौथ्यावर गेला, चौथा पाचव्यावर. पुढची दहा सेकंदं त्या घरात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. खिळ्यांचा डबा सर्वांत शेवटी पडला, आणि घरंगळत थेट आबांच्या पायाशी जाऊन थांबला.

पाठोपाठ जिन्यात पावलं वाजली. पहिल्या मजल्यावरच्या जैन घरमालकीण धापूबाई पदर सावरत दारात उभ्या. "तोताराम! छत पाडतोस का रे? माझी सामायिक चालली होती. सगळं ध्यान मोडलं! कोण करतंय हे?"

तोतारामचं तोंड उघडं आणि पांढरं. पुष्पाच्या हातात फेसाळ डाव. दोघांपैकी कुणी काही बोलायच्या आत आबा काठी टेकत उठले.

"मन्या हातथीन पडनात, बाई," ते म्हणाले. "म्हतारा मानूस शे. माले दिसत नही. माफ करा."

धापूबाई एकदम मवाळ झाल्या. "अहो बाबा, राहू द्या. तुम्हाला लागलं तर नाही ना?" असं म्हणत त्या जिना उतरून गेल्या.

आबांनी दार लोटून घेतलं. मग स्वयंपाकघराच्या तोंडाशी येऊन नाक वर केलं आणि एक लांब श्वास घेतला.

"पुष्पा माय," त्यांनी हळूच विचारलं, "चुल्हावर शिकेकाई कसाले उकायी ऱ्हायनी? कोन्ही न्हावाले बसस का?"

पुष्पाला हसू आलं आणि रडूही. तिने सगळं सांगून टाकलं. डबे, आकडे, तक्ता, बंब, नारळ, सगळं. तोताराम मधेमधे "अगं, अगं" करत राहिला.

"म्हंजे तो कागद मीच बंबमा जाई टाका?" आबा म्हणाले.

"तुमचा काय दोष, आबा. आम्हीच मूर्ख," तोताराम खालमानेने म्हणाला. तो आता आबा काठी उचलतील आणि बोचकं मागतील याची वाट बघत होता.

आबा खाली बसले. आणि हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग धोतराने डोळे पुसून, मांडी ठोकून त्यांनी हुकूम सोडला, "आना बठ्ठा डबा आठे!"

पुढचा तासभर आबा जमिनीवर बसून एकेक डबा नाकाशी नेत होते. "धने. हाई ओवा. हाई जुनी तूरनी दाय, हिले ऊन दाखाड. हाई मसाला, देख, हाऊ खरा!" खिळे त्यांनी हलवून आवाजावरून ओळखले, वाती बोटांनी चाचपून. रोज लागणारं पुष्पाच्या उजव्या हाताशी, सणासुदीचं वर, आणि जे पोटात जाऊ नये ते थेट न्हाणीघरात, असं त्यांनी लावून घेतलं. नावं लिहायचं काम तोतारामकडे आलं. त्याने मुकाट्याने लिहिली.

दुपारी अडीचला डुबुकवडे पुन्हा झाले. आबा कपाळावर घाम येईपर्यंत जेवले. चारला डॉक्टरांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "सोमवारी करून टाकू. पण बाबा, तीन आठवडे राहणार कुठे?"

तोताराम पुढे सरकला.

"मन्या पोऱ्याकडे," आबा म्हणाले. "दुसरा इलाज नही, डाक्टर. त्या दोन्हीसले मीठ अन् सोडा समजत नही. घरमा कोन्ही जाणतं मानूस पाह्यजे."

ऑपरेशन छान झालं. तीन आठवड्यांचे सहा झाले. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून आबा वांगी चिरायला सांगत, फोडणी किती झाली ते वासावरून ठरवत, आणि धापूबाईंनी वर पाठवलेल्या पापडांत मिरी कमी आहे, असा निरोप खाली देत.

मग चष्मा आला. काचा अशा जाड, की आबांचे डोळे त्यामागे घुबडासारखे मोठे दिसत. डॉक्टरांनी तोतारामला आधीच सांगितलं होतं, की मोतीबिंदू काढल्यावरच्या या भिंगातून प्रत्येक वस्तू असते त्याहून मोठी दिसते, सवय व्हायला वेळ लागेल.

त्याच दिवशी गावाकडून उखर्डू आला, आबांचा शेजारी, त्यांना घेऊन जायला. पुष्पाने पानं वाढली. ताटात मुठीच्या अंदाजाने थापलेली, रोजच्या मापाची भाकरी पडली. आबा वाकून तिच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना भाकरी नीट दिसत होती.

"अरे वा!" ते म्हणाले. "पुष्पा माय, केवढी मोठी भाकर करी तू! मना गावमा इतली मोठी कोन्हाले जमत नही."

"आबा, ते काय आहे, की भिंगामुळे..." तोताराम सुरू झाला. पुष्पाने त्याच्या ताटात वरण इतकं जोरात वाढलं की तो गप्प झाला.

"तुमच्यामुळेच जमली, आबा," ती म्हणाली.

आबांनी समाधानाने भाकरी मोडली. "उखर्डू, तू जाय संध्याकायना गाडीवर. गावमा सांग, आबा आखाजीना सनपर्यंत येत नही. आठली भाकर सोडीसन कोन येई?"

उखर्डूने आपल्या ताटातली भाकरी उचलून पुढून-मागून पाहिली. "पन आबा, हाई भाकर ते..."

पुष्पाने चटकन त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"...मोठीच शे," उखर्डू म्हणाला.