दहा हजारावं पद

त्या हिवाळ्यात रमाकांत रोज सकाळी देवाला नमस्कार करत आणि लगेच दुसरा नमस्कार अनंत श्रेणीला करत.

कारण तसंच होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि ग्वाल्हेरचं मोजणी कार्यालय भोपाळला निघालं. टेबलं गेली, कपाटं गेली, शिपाईसुद्धा गेला. उरले साहेब मुकुंदराव, गणक रमाकांत आणि हँडल फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र. हुकूम असा होता की, नव्या नकाशांसाठी लागणारा एक आकडा काढून झाला की गणकाने भोपाळला हजर व्हावं. आकडा निघायचा होता श्रेणीतून : एक पद मिळवा, पुढचं वजा करा, पुन्हा मिळवा. बेरीज खऱ्या आकड्याच्या कधी वर, कधी खाली. चार दशांश स्थळं पक्की व्हायला दहा हजार पदं, म्हणजे थेट एप्रिल. आणि पद्माची मॅट्रिक मार्चमध्ये! पोरीची शाळा ऐन परीक्षेच्या तोंडावर बदलणार नव्हती.

हुकमाची ही गोष्ट त्यांनी घरात मात्र सांगितली नाही. बायकोच्या, शामलाबाईंच्या, पोटात काही राहत नसे.

कार्यालयात टेबल नाही म्हणून यंत्र घरी आलं होतं. संक्रांतीच्या आधी शामलाबाई विणता विणता म्हणाल्या, "अहो, अडीच महिन्यांपासून काय घुमवून राहिलात? बेरीज तर नुस्ती वर-खाली होऊन राहिली आहे."

"होऊ दे. घाई नाही."

शामलाबाईंना नवऱ्याच्या खांद्याची दया आली. पद्माचा पहिला स्वेटर सैल झाला होता, दुसरा घट्ट. तिसरा त्यांनी मधल्या मापाचा विणला तेव्हा कुठे अंगाला बसला होता. रमाकांत आंघोळीला गेल्यावर त्यांनी शेवटच्या आठ बेरजा घेतल्या, शेजारशेजारच्या दोघींमधला मधला आकडा लिहिला, मग त्या मधल्यांमधला मधला. आकडे थंडीतल्या पोरांसारखे जवळजवळ सरकत गेले आणि खाली एकच उरला.

तो त्यांनी हळदीकुंकवाला साहेबांच्या बायकोला, लीलाताईंना, अभिमानाने सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. "रमाकांत, वहिनींनी आठ बेरजांत आकडा काढला?"

"साहेब, स्वयंपाकघरातली गंमत ती."

"गंमत कसली? तुमच्या जुन्या कागदांतल्या वेगळ्या आठ बेरजा घेऊन मी करून पाहिलं. चारही स्थळं तीच!"

रमाकांत घरी आले. खरी गोष्ट सांगावीच लागली.

"बाबा, पहले बताना था ना!" पद्मा रडकुंडीला आली.

शामलाबाई तशाच साहेबांकडे गेल्या, मागोमाग रमाकांत. "साहेब, चूक माझी आहे. तो आकडा खोटा समजा."

"खरा आकडा खोटा कसा समजू, वहिनी? तो भोपाळला पाठवूनही दिला. पत्र सकाळीच टपालात पडलं."

शामलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी शांतपणे चष्मा घातला आणि पत्राची नक्कल वाचली : "आकडा सोबत आहे. नकाशांचं काम सुरू करावं. मात्र पद्धत नवीन असल्यामुळे जुन्या पद्धतीने दहा हजार पदांपर्यंत पडताळणी होईतो गणकास इथेच ठेवत आहे."

"म्हणजे एप्रिल?" रमाकांतांनी विचारलं.

"थोडं सावकाश फिरवलंत तर मेसुद्धा."

शामलाबाईंनी वाकून नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू, साहेब?"

"उलटं बोलताय, वहिनी. इतक्या सावकाश कामाबद्दल भोपाळहून दोन खरमरीत पत्रं आली होती. कार्यालय याच महिन्यात बंद करणार होते. तुमच्या आकड्याने लाज राखली." साहेबांनी आत पाहून आवाज खाली आणला. "आणि माझी वनमालाही यंदा मॅट्रिकलाच आहे."

मग त्यांनी वाटीतला तिळगूळ पुढे केला.