गळखान्याच्या चांगोजीच्या रजेची हकिकत

श्रीसमुद्रदेवतेचे पायी मस्तक ठेवून, आणि लेखणीस बहुत दिवसांचा आळस असताही तीस उठवून, शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्य कोणते, हे पुसू नये. राज्यास एक खाडी होती आणि खाडीचे पैलतीरी दुसरे राज्य होते, आणि पूर्वी उभयतांत लढाया होऊन माणूस फार खर्ची पडले, तेव्हा वडिलांनी तह केला की, वर्षातून एक दिवस दोन्ही राजांनी गळ टाकून बसावे, ज्याचा मासा मोठा त्याची खाडी वर्षभर. मग तोफखाना मागे पडला आणि गळखाना पुढे आला. त्या गळखान्याचे दरोगे चांगोजी तांडेल, वय वर्षे चौसष्ट, चाकरी चाळीस वर्षे. सातशे गळ आणि साठ पितळी खोटे मासे त्यांचे हवाली. नित्य उठावे, पितळी मासे चिंचेच्या कोळात घालावे, लोखंडी गळ राख आणि काथ्याने घासावे, कुरुंदाच्या दगडावर टोक लावावे, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावे. घसरला तर बोथट, अडकला तर तयार. ऐसे करिता करिता बोटांस जागा उरली नाही जेथे गळ टोचला नाही.

आणि इतके करून गंज होताच. कारण ऐसे की, नारळी पौर्णिमेस गळांची पूजा होत असे, आणि वेदमूर्ती अनंतभट त्यांजवर दूध, दही, मध आणि एकवीस घागरी समुद्रजळ घालीत, आणि पुसणे म्हणजे तीर्थाचा अवमान म्हणून तैसेच ओले मखमलीच्या पेटीत ठेवून देवघरात शिक्कामोर्तब करीत. एकविसावे दिवशी, भाद्रपद शुद्ध षष्ठीस, पेटी उघडावी तो गळ तांबडे. ओला लोखंडी जिन्नस भर पावसाळ्यात कोंडिला तर काय होईल, हे पोरासोरांस कळते. दरबारास कळत नव्हते. चार वर्षे लागोपाठ महाराजांचा गळ ऐन ओढीस मोडला आणि खाडी पैलतीरकरांनी नेली. भटजींस कोण बोलेल? चोर सोडून संन्याशास फाशी, त्याप्रमाणे दरवर्षी चांगोजीच उभे राहिले आणि दरवर्षी आज्ञा जाहली की, काम अपुरे, सबब रजा नाही.

रजेची तर त्यांस फार निकड होती. कुटुंब भागाई घाटावर गावी एकटी, आणि तिची नजर वर्षा वर्षाने विझत चाललेली. घाटावर मीठ नेणारा लाखा वंजारी जाता येता निरोप आणीत असे. पहिले वर्षी म्हणाली, सुईत दोरा जात नाही. दुसरे वर्षी, जोंधळ्यातला खडा दिसत नाही. चौथे वर्षी सांगून पाठविले की, त्यांस सांगा, चेहरा दिसतो आहे तोवर एकदा या. हे ऐकोन चांगोजी बहुत कष्टी जाहले, आणि सारा दिवस एकच गळ घाशीत बसले.

मग त्यांणी मनात मसलत केली. तेल लाविलेले लोखंड पूजेस चालत नाही, ऐसा दंडक. परंतु मध चालतो. आणि मध चालतो तर मधाचे घर का न चालावे? ऐसा विचार करोन त्यांणी पोळ्याचे मेण पातळ करविले आणि पूजेचे आदले दिवशी सातशेही गळांस बोटाने हलके चोपडिले. दुसरे दिवशी अनंतभटांनी घागर ओतिली तो पाणी अळवाच्या पानावरून जावे तैसे घरंगळले, गळ कोरडेच. भटजी घाबरे होऊन म्हणो लागले की, देवाने तीर्थ नाकारिले. चांगोजींनी हात जोडून अर्ज केला, "नाकारिले कोठे? तीर्थ देवाच्या पायाशी उतरले. वर थांबून त्याने करावे काय?" महाराजांस हे रुचले. पेटी बंद जाहली.

एकविसावे दिवशी पेटी उघडिली तो गळ जैसेच्या तैसे, नखावर अडकणारे. महाराज होडीत बसले आणि मग दोन घटकांनी दोर ताणला आणि पुरुषभर लांबीची घोळ मासळी लागली आणि गळ टिकला. खाडी परत आली. नगारे वाजले. अनंतभटांस अभिषेकाचे फळ म्हणून शालजोडी मिळाली, आणि पुढील वर्षी घागरी एकशे आठ कराव्या ऐसे ठरले. चांगोजींनी पदर पसरून रजा मागितली, आणि आता तरी खरे सांगावे म्हणून मेणाची गोष्टही उघड केली. महाराज फार प्रसन्न जाहले. म्हणाले, "चांगोजी, तुम्ही गेलात तर मेण कोण लावील? गंजत होते तेव्हा तुम्हांस सोडवले नाही, आता तर सोडवतच नाही." सारा दरबार वाहवा बोलिला. इकडे आड तिकडे विहीर, आणि चांगोजी मुजरा करून माघारे आले. त्यांस रडू आले, परंतु चिंचेचा कोळ काढावयाचा होता, तो काढिला.

पुढे कार्तिकात लाखा वंजारी उतरला. बैलांची ओझी उतरविली, पाणी प्याला आणि मग हळूच निरोप सांगितला: "म्हणाली, त्यांस सांगा, आता घाई करू नका. दिसायचे ते दिसून सरले. हात तेवढे तैसेच घेऊन या. बोटे टोचकी आहेत, त्यांवरून ओळखीन."

चांगोजींनी हातातला गळ नखावर टेकविला. अडकला. तो ठेवून दुसरा घेतला.

एवंच, त्या साली राज्यास खाडी मिळाली आणि चांगोजीस रजा मिळाली नाही. लिहिणारास इतकेच ठाऊक. अक्षरांत चूकभूल दिसल्यास गंज समजून वाचणाराने घासून घ्यावी. लिहिणाराचे हात आता दुखतात.